माईच्या माघारी

पोरी,

माईचं वर्षश्राद्ध जवळ आलं. परवा फोनवर तू विचारलंस, "मावशी, पिंडाचं, ताटाचं, दक्षिणेचं गुरुजी सांगतील. पण तिनं डोळे दिले, त्याची आठवण कशी ठेवायची ते कोण सांगणार?" गुरुजींच्या पोथीत हे नाही, कारण पोथी लिहिली तेव्हा हे दानच नव्हतं. मग आपणच ठरवायचं. मी पाहिलेलं, डॉक्टरांना विचारून घेतलेलं आणि तुझ्या आईबरोबर एकाच गावात नांदून कळलेलं, असं सगळं इथं लिहिते. एका दमात वाचू नकोस. पटेल ते कर, नाही पटलं तर बिडकीनला येऊन माझ्याशी भांड. चहा मी ठेवते.

१. आधी रडून घे, अभिमान मागून बाळग — दान मोठं म्हणून दुःख लहान होत नाही. अडवलेलं पाणी बांध फोडतं, अडवलेलं रडं माणूस फोडतं.

२. "ती गेलीच नाही, ती तर कुणाच्या तरी डोळ्यांत आहे," असं म्हणणाऱ्याला पाणी दे, हात जोड आणि गप्प बस — तो चांगल्या मनानं बोलतो. पण तुला आई हवी होती आणि ती नाही, हे त्याच्या बोलण्यानं मिटत नाही, आणि मिटलं पाहिजे असंही नाही.

३. माईची देवी करू नका. डोळे दिल्यापासून तुझी वहिनी तिच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणते, तुझा भाऊ "आमच्या मातोश्री" म्हणतो. अरे, कोण मातोश्री? भाकरी करपली की जिचा आवाज चार घरं ऐकू जायचा, बाजारच्या दिवशी मेथीच्या जुडीसाठी जी बाईला अर्धा तास उभं करायची आणि निघताना तिच्याच लेकराच्या हातात लाडू ठेवायची, ती आपली माई. तिचं रागावणं, तिचा हट्ट, सुनेशी धरलेले अबोले, सगळं आठवा आणि बोला — देवीला हार घालता येतो, हाक मारता येत नाही.

४. डोळ्यांचंच बोलायचं असेल तर त्या डोळ्यांनी काय पाहिलं ते बोला. ७२ च्या दुष्काळात तिनं सरकारी कामावर खडी फोडली, लाल मिलो ज्वारीची भाकरी खाल्ली. १९७६ ला जायकवाडीचं धरण पुरं झालं आणि नाथसागराचं पाणी बघायला आम्ही दोघी बैलगाडीनं गेलो, तेव्हा ती कितीतरी वेळ काठावरून हललीच नाही. पुढं आपल्या शिवारातल्या काळ्या रानातून डीएमआयसी औद्योगिक पट्ट्याचे रुंद रस्ते गेले, तेही तिनं पाहिलं, आणि कुठल्या रस्त्याखाली कुणाची विहीर होती ते ती बोटानं दाखवायची. हे सगळं मला आणि तुझ्या मामाला विचारून लिहून घे — आम्ही दोघंही पिकली पानं आहोत, आणि आमच्याबरोबर हे गेलं की कुठल्या नेत्रपेढीत मिळायचं नाही.

५. तिचे मोबाइलवरचे आवाजी निरोप आजच दुसरीकडे साठवून ठेव — फोन पडतो, बदलतो, आणि जागा भरली म्हणून पोरं आधी म्हाताऱ्यांचे निरोप पुसतात.

६. नेत्रपेढीनं दिलेला आभाराचा कागद भिंतीवर लावायचा की कपाटात ठेवायचा, ते घरातल्या सगळ्यांना विचारून ठरव. कुठंही ठेव, पण आधी त्याची झेरॉक्स काढ आणि मूळ कागद सातबारा, आठ-अ आणि मोबदल्याच्या कागदांच्या पिशवीत घाल — जमिनी गेल्यापासून आपल्या गावात ती पिशवी कुणी हरवत नाही.

७. तिचा चष्मा टाकून देऊ नकोस, पण देव्हाऱ्यातही ठेवू नकोस. पेटीत घालून त्याच कपाटात ठेव — वस्तू हाताशी असली की आठवण येते, मधोमध मांडली की जाच होतो.

आता तिनं नेमकं काय दिलं ते समजून घे. आपल्या घरात अजून निम्म्यांना वाटतं की डोळा काढून डोळा बसवतात. अर्धवट माहितीवर उभी असलेली आठवण पहिल्या शंकेला डगमगते.

८. बसवला जातो तो बुबुळावरचा पारदर्शक पडदा, अख्खा डोळा नव्हे. त्या पडद्यात रक्तवाहिन्या नसतात — म्हणूनच रक्तगट जुळवावा लागत नाही, जातपात तर त्याहून नाही. आजीचा पडदा कॉलेजातल्या पोराला चालतो.

९. नातवंडं विचारतील, "आजी आता दुसऱ्याच्या डोळ्यांतून आपल्याला बघते का?" हो म्हणून मोकळी होऊ नकोस. सांग, की बघणारा मेंदू त्या दुसऱ्या माणसाचा आहे. आजीनं त्याच्या खिडकीची काच दिली, आता तो त्याची माणसं बघतो — लेकरांना खरं सांगितलेलं पेलतं. उगाच "हो" म्हटलं, तर ती रस्त्यात प्रत्येकाच्या डोळ्यांत आजी शोधत बसतात.

१०. दोन डोळे म्हणजे बहुधा दोन माणसं, हा हिशेब आता जुना होत चाललाय. कन्नड नट पुनीत राजकुमार २०२१ च्या ऑक्टोबरात गेला. त्याच्या दोन डोळ्यांचे पडदे बंगळूरच्या डॉक्टरांनी थरांत वेगळे केले आणि चौघांना नजर दिली — कुणाचा पडद्याचा पुढचा थर बिघडलेला असतो, कुणाचा मागचा; ज्याला जेवढं हवं तेवढंच द्यायचं.

११. हे मात्र मन घट्ट करून ऐक. दिलेला प्रत्येक पडदा बसवला जातोच असं नाही. नेत्रपेढीत रक्त तपासतात, पडद्याच्या पेशी मोजतात, आणि कमी पडल्या तर तो शिकणाऱ्या डॉक्टरांच्या सरावाला किंवा संशोधनाला जातो. कधी कुणी तसं सांगितलं तर वाईट वाटून घेऊ नकोस — दान देणाऱ्याचं काम देण्यापाशी संपतं, आणि ज्या डॉक्टरचा हात त्या पडद्यावर बसला त्याच्यापुढं नंतर कितीतरी डोळे येणार असतात.

१२. अवयवदान आणि हे दान, दोन्ही एकच आहे असं कुणी म्हणालं तर समजावून सांग. मरणानंतर हृदय, यकृत, मूत्रपिंड द्यायला माणूस दवाखान्यात मेंदूमृत व्हावा लागतो. २०१६ च्या जानेवारीत आपल्या शहरात मराठवाड्यातलं तसलं पहिलं दान झालं आणि हृदय विमानानं मुंबईला गेलं. डोळे, त्वचा, हाडं ही ऊतींची दानं. ती घरच्या खाटेवर, श्वास थांबल्यानंतरही देता येतात — म्हणून खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात खरं तर हेच दान आहे. कायद्यालाही हे उशिरा सुचलं. १९९४ चा कायदा अवयवांपुरता होता, ऊतींचं नाव त्यात २०११ च्या दुरुस्तीनं आलं.

१३. माईची त्वचा आपण दिली नाही, कारण त्या रात्री ते कुणाला ठाऊकच नव्हतं. त्याची रुखरुख लावून घेऊ नकोस, पण माहिती करून घे. मांडी, पाठ, पाय इथला अगदी पातळ थर काढतात, वर पट्टी बांधतात, रक्त वाहत नाही. ती त्वचा ग्लिसरॉलमध्ये थंड ठेवली की पाच वर्षांपर्यंत टिकते. मोठ्या भाजण्यात माणसाची स्वतःची कातडी तयार होईपर्यंत ती वरून पांघरूण घालते. काही आठवड्यांनी गळून पडते, पण तोवर अंगातलं पाणी आणि जीव दोन्ही राखते — भाजलेला माणूस बऱ्याचदा जळण्यानं नाही, नंतरच्या जंतूंनी दगावतो. मुंबईत शीवच्या रुग्णालयात आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरला त्वचापेढ्या आहेत. हाडांसाठी टाटा मेमोरियलमध्ये १९८८ पासून ऊतीपेढी चालते. तिथं हाडं गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. तिथं जिवंत माणसाचंही दान चालतं बरं का. खुब्याचा सांधा बदलताना काढलेलं हाड, बाळंतपणात बाहेर आलेलं गर्भाचं वेष्टन, जे एरवी फेकून देतात, ते कुणाच्या तरी जखमेवर लागतं.

आता जिथं सगळ्यात जास्त घरं अडकतात तिथं येते. तूही अडकलीस, मला माहीत आहे. गेल्या दिवाळीत तू वहिनीला म्हणालीस, "एकदा त्या माणसाला नुसतं लांबून बघायला मिळालं असतं तर."

१४. ज्याला डोळे मिळाले त्याला शोधू नकोस. नेत्रपेढी नाव सांगत नाही, आणि ते बरोबरच आहे — त्यालाही कुणाच्या ऋणाखाली दबून न जगण्याचा हक्क आहे, आणि तुलाही पुन्हा पुन्हा जखम न उघडण्याचा.

१५. दवाखान्यातला कुणी ओळखीचा "मी काढून देतो नाव" म्हणाला, तरी नाही म्हण. समज, तो माणूस भेटला आणि दारू पिणारा निघाला, बायकोला मारणारा निघाला, तर तुझ्या मनात माईच्या दानाचं काय होईल? पैठण आपल्यापासून किती लांब आहे गं? एकनाथांनी काशीहून रामेश्वरासाठी आणलेली कावड वाटेत तहानलेल्या गाढवापुढं रिती केली. ते गाढव कुणाचं, पुढं कुणाची ओझी वाहणार, हे त्यांनी विचारलं नाही, तहान बघितली. नाथषष्ठीला त्या रस्त्यानं दिंड्या जाताना आपण दरवर्षी हात जोडतो, तर तेवढं एक त्यांच्याकडून घेऊ — पाणी पाजलं की मागं वळायचं नाही.

१६. फारच वाटलं तर नेत्रपेढीत जाऊन एवढंच विचार, की पडदे उपयोगी पडले का. सांगता येण्यासारखं असलं तर ते सांगतात — "पडले" एवढा एक शब्द वर्षभर पुरतो.

१७. आणि तो माणूस बाई की बुवा, कुठल्या धर्माचा, ह्याच्या पैजा घरात लावू नका. पोरं गमतीनं सुरू करतात, मोठ्यांच्या तोंडून नको ते निघतं — आणि जे माईनं विचारलं नाही ते तिच्या माघारी आपण विचारल्यासारखं होतं.

लोकांचं सांगते. तेरवीलाच दोघी-तिघी कुजबुजल्या होत्या, आठवतं? वर्षश्राद्धाला त्याच येणार आहेत.

१८. "पुढच्या जन्मी आंधळी येईल," असं कुणी म्हटलं तर चिडू नकोस. विचार, की मग दधीची ऋषींनी वज्रासाठी हाडं दिली, ते पुढच्या जन्मी कसे आले? — पुराणाचं भय पुराणानंच उतरतं, तिथं विज्ञान सांगायला गेलीस तर ताट बाजूला सारून उठतील.

१९. तरी ऐकलं नाही तर नानाजी देशमुखांचं नाव घे. आपल्या मराठवाड्यातल्या हिंगोलीकडच्या कडोळीचा माणूस. २०१० ला चित्रकूटला वारले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे सगळा देहच दिल्लीच्या एम्सला दिला — धर्म मानणाऱ्या माणसानं केलेलं धर्म मानणाऱ्याला पटतं.

२०. "चेहरा विद्रूप झाला असेल ना?" ह्याला उत्तर एकच: "तुम्ही अंत्यदर्शन घेतलं तेव्हा काही दिसलं का?" कुणालाच दिसलं नव्हतं — काम पंधरा-वीस मिनिटांचं असतं आणि पापण्या होत्या तशा नीट मिटवून देतात.

२१. "किती मिळाले?" असं विचारणारा एखादा असतोच. शांतपणे सांग, की एक रुपया घेतला नाही आणि एक रुपया द्यावाही लागला नाही. मागणं, देणं, दोन्ही कायद्यानं गुन्हा आहे — तू गप्प राहिलीस तर तो गप्प राहण्याचा अर्थ पैसे असा लावेल.

२२. आपणही बढाई मारू नये. लग्नात, बारशात, "आमच्या माईनं डोळे दिले" हे पुढं करू नकोस. कुणी विचारलं तर मात्र सगळं बैजवार सांग — न विचारता सांगितलेलं दान समोरच्याला टोचतं, विचारल्यावर सांगितलेलं रुजतं.

२३. ज्या घरानं नाही म्हटलं, त्यांना कधी नावं ठेवू नकोस. मेलेलं माणूस अजून पुढ्यात असतं, तासाभरात हो की नाही सांगायचं असतं, आणि घरातला एकजण जरी नाही म्हणाला तरी बाकीच्यांचा धीर सुटतो — त्यांची माया आपल्याहून कमी नव्हती, वेळ कमी होती.

२४. भावाशी त्या रात्री जी बोलाचाली झाली, ती वर्षश्राद्धाच्या आधी मिटव. तो नको म्हणत होता, कारण त्याला आईला कुणी हात लावलेला सोसवत नव्हता. तू हो म्हणत होतीस, कारण ती तुझ्यापाशी बोलली होती. दोघंही तिचंच बोलत होतात — पानाला दोघं एकत्र बसलात तर कावळा यायचा तेव्हा येईल, पण मला घास गोड लागेल.

आता तिथी-वारांचं. यात फार घोळ घालायचा नाही.

२५. वर्षश्राद्धाला गोदेवर पैठणला जा, जे करायचं ते सगळं कर. डोळे दिल्यानं एकही विधी कमी होत नाही, वाढतही नाही — गुरुजींना शंका असेल तर मी बोलते त्यांच्याशी.

२६. कीर्तन ठेवणार असशील तर महाराजांना आधी भेटून माईबद्दल दोन खरी वाक्यं लिहून दे. नाहीतर ते ऐनवेळी नाव विचारतात आणि साऱ्या गावाला सांगायचं तेच पुण्यशील-पुण्यशील सांगतात — नेत्रदानाचं एक वाक्य कीर्तनातून गेलं की ते बायकांच्या ओट्यापर्यंत पोचतं, दवाखान्याची पाटी पोचत नाही.

२७. वर्षातून एक दिवस दानाचा म्हणून धरायचा असेल तर १० जून धर. डॉ. रामचंद्र भालचंद्र ह्या नेत्रशल्यविशारदांच्या स्मरणार्थ आपल्या राज्यात तो दृष्टिदान दिन पाळतात. मृग नुकता निघालेला असतो, घरचे सगळे पेरणीच्या घाईत असतात, म्हणून सोहळा नको. रात्री जेवताना तिचा एक किस्सा सांगायचा, बस्स — कामाच्या दिवसात जी आठवण टिकते ती टिकते.

२८. तो चुकला तर २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा नेत्रदान पंधरवडा आहे. तेव्हा आपल्या शाळेत जा आणि पोरांशी बोल. सांगायला गोष्टी हव्यात, नुसते फायदे सांगितले की पोरं खिडकीबाहेर बघतात. १९०५ च्या डिसेंबरातली गोष्ट सांग: युरोपात ओलोमोउत्स नावाच्या गावी एक मजूर चुन्यानं दोन्ही डोळ्यांनी आंधळा झाला होता. एका मुलाचा जखमी डोळा काढावाच लागणार होता, डॉ. एडुअर्ड झिर्म यांनी त्या डोळ्याचा पडदा ह्या मजुराला बसवला. माणसाला बसवलेला आणि टिकलेला हा पहिला पडदा. आणि श्रीलंकेचे डॉ. हडसन सिल्वा. आई वारली तेव्हा त्यांनी तिचेच पडदे एका गरीब शेतकऱ्याला बसवले, पुढं १९६१ ला नेत्रदानाची संस्था काढली, आणि त्या लहानशा बेटानं जगभरच्या आंधळ्यांना पडदे पाठवले — आईपासून सुरुवात करणारा मुलगा पोरांना लगेच कळतो.

२९. पहिली दिवाळी, पहिली संक्रांत, पहिली अक्षय्य तृतीया जड गेली. दुसऱ्या वर्षी लोक विसरतात आणि तेच सण जास्त जड जातात. तेव्हा माझ्याकडे ये — मलाही बहीण नाही आता.

आणि हे माझं सगळ्यात आवडतं. माईनं डोळे दिले ते कुणाची तरी नजर गेली होती म्हणून. ती जाऊच नये म्हणून घरात जे करता येतं, ते केलंस तर तिची आठवण रोज होईल आणि कुणाला कळणारही नाही.

३०. ऊस तोडताना, तूर बडवताना, मळणी यंत्रावर गड्यांना साधे चष्मे घ्यायला लाव, आणि पैसे तू दे — आपल्याकडं बुबुळ जातं ते बहुधा पात्याच्या नाहीतर कुसळाच्या ओरखड्यानं, आणि ओरखडा पडल्यावर चार दिवस "बरं होईल" म्हणत बसण्यानं.

३१. डोळ्यात काही गेलं, लाल झालं, तर तूप, मध, अंगावरचं दूध, पाल्याचा रस काही घालू नका. मेडिकलमधून विचारून आणलेले थेंबही नको — त्यातल्या काही थेंबांत स्टेरॉइड असतं, डोळ्याला बुरशी लागलेली असली तर ते तिला मोकळं रान देतं.

३२. तंबाखूबरोबरची चुन्याची पुडी लेकरांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका, तुझ्या मामालाही सांग, माझं ऐकत नाही. डोळ्यात चुना उडालाच तर चोळायचं नाही. तिथल्या तिथं पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याची धार सोडायची, अर्धा तास, आणि मगच गाडी काढायची — दवाखाना गाठेपर्यंत चुना बुबुळ खात राहतो, आधी पाणी, मग डॉक्टर.

३३. भाजलं तरी तेच: नळाखाली वीस मिनिटं. टूथपेस्ट, हळद, शाई काही नको — वरून लावलेलं सगळं डॉक्टरांना खरवडून काढावं लागतं, आणि तेव्हा लेकरू दुसऱ्यांदा भाजतं.

शेवटी आपल्या घराचं. माई एकदा बोलली होती म्हणून जमलं. बोललेली इच्छा पोचते, पोटातली इच्छा चितेवर जाते.

३४. घरातल्या प्रत्येकानं आपलं काय ते जेवताना सगळ्यांसमोर एकदा बोलून टाकावं. हो असो, नाही असो. फॉर्म भरला आणि घरात सांगितलं नाही तर तो कपाटातच राहतो — प्रत्यक्षात घरच्यांनी संमती दिल्याशिवाय कुणी हात लावत नाही, आणि फॉर्म भरलेला नसला तरी घरचे हो म्हणू शकतात.

३५. घाटी रुग्णालयाच्या नेत्रपेढीचा नंबर आणि नोट्टो ह्या देशाच्या अवयवदान संस्थेचा १८००११४७७० हा नंबर कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात चिकटव, आणि धाकट्या पोरांच्याही फोनमध्ये घाल — अशा वेळी मोठी माणसं रडत असतात आणि फोन लावतो तो शेजारचा पोरगा.

३६. वेळ सहा तासांची. शहर तासाभरावर असलं तरी पैठण रस्त्यावर ट्रक अडकला की दोन तास कुठं गेले कळत नाही — म्हणून सगळे नातेवाईक येण्याची वाट न बघता पहिला फोन तिकडं, दुसरा पाव्हण्यांना.

३७. पथक येईपर्यंत पापण्या मिटवायच्या, त्यावर स्वच्छ ओला कापूस, डोक्याखाली दोन उशा, वरचा पंखा बंद — पंख्याच्या वाऱ्यानं बुबुळ सुकतं, आणि आपल्याकडं माणूस गेलं की पंखा आधी वाढवतात. दवाखान्याचे कागद आणि मृत्यूचा दाखला हाताशी ठेव, ते रक्ताचा थोडा नमुनाही घेतात.

३८. अपघाती मृत्यू असेल, पंचनामा होणार असेल, तरी विचारायला लाजू नका — पोलिसांच्या परवानगीनं तेव्हाही देता येतं.

३९. वय झालं, साखर आहे, बीपी आहे, चष्मा आहे, मोतीबिंदू काढलाय, असं म्हणून आपल्याच मनानं रद्द होऊ नका. एचआयव्ही, ब आणि क कावीळ, रेबीज, रक्ताचा कर्करोग, अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग अशा थोड्या गोष्टींत चालत नाही, आणि ते ठरवायला डॉक्टर आहेत — नाही म्हणायचं तर त्यांनी म्हणावं, आपण आधीच कशाला?

४०. आता माझं. साखर आहे, दोन्ही मोतीबिंदू काढलेत, तरी मी विचारून घेतलंय, माझे चालतात. फॉर्मवर दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक जवळच्या नात्यातला असावा लागतो. कायद्याच्या यादीत नवरा-बायको, मुलं, आई-वडील, भावंडं, आजी-आजोबा, नातवंडं आहेत, भाचरं नाहीत. म्हणून ती सही माझ्या धाकट्या मुलाची घेईन. दुसरी तुझी. वर्षश्राद्धाला येशील तेव्हा पाहुणे उठल्यावर थोडी थांब, फॉर्म मी आणून ठेवलाय.